उन्हाळी बॅस स्पर्धेत जिवंत सोडलेले मासे दोन दिवसांनी मेलेले सापडतात : कारण कुठे शोधावे

पूर्व टेक्सासमधील आमच्या छोट्या मासेमारी क्लबाच्या जुलैतील स्पर्धेनंतर अनेक वर्षे एकच प्रकार घडत होता. शनिवारी दुपारी वजनकाट्यावर आलेले जवळजवळ सगळे लार्जमाउथ बॅस (गळाने धरायचे, गोड्या पाण्यातले मोठ्या तोंडाचे मासे) जिवंत असत, पाण्यात सोडताच शेपटीचा एक फटका मारून दिसेनासे होत, आणि नोंदवहीत मेलेल्या माशांच्या रकान्यात शून्य किंवा फार तर एक असा आकडा पडे. सोमवारी संध्याकाळी मात्र बोटी उतरवण्याच्या त्याच रॅम्पच्या आसपास, पाणवनस्पतींत अडकलेले, पांढरे पोट वर आलेले सहा-सात मासे हमखास दिसत. वजनकाटा माझ्याकडे असल्यामुळे त्या शून्यावर सही माझी असे, आणि म्हणूनच या प्रकरणाचा छडा लावण्याची जबाबदारीही मीच अंगावर घेतली.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो. मासा पोहत गेला म्हणजे तो वाचला, असे नाही. दिवसभरात अंगावर आलेल्या ताणाचा परिणाम बॅसमध्ये पुढच्या दोन ते पाच-सहा दिवसांत दिसतो, आणि तोवर वजन करणारे, बक्षीस घेणारे आणि टाळ्या वाजवणारे सगळे घरी पोहोचलेले असतात. शिवाय मेलेला प्रत्येक मासा तरंगतोच असे नाही. काही तळाशी राहतात, काही कासवांच्या, गिधाडांच्या आणि आमच्याकडे मगरींच्याही तोंडी जातात. काठावर दिसणारे सहा-सात हे खऱ्या संख्येचा फक्त वरचा थर असतात. ज्या क्लबांत 'आमच्याकडे मासे मरतच नाहीत' असे छातीठोकपणे सांगितले जाते, तिथे बहुधा सोमवारी रॅम्पवर कोणी फिरकलेले नसते.

मासे जिवंत सोडण्याची पद्धत या खेळात फार जुनीही नाही. अलाबामातील विमा एजंट रे स्कॉट यांनी 1967 मध्ये आर्कान्सासच्या बीव्हर लेकवर पहिली मोठी बॅस स्पर्धा भरवली, आणि 'पकडलेला मासा मारू नका' हा आग्रह त्यांच्या संघटनेने धरला तो 1972 मध्ये. तेव्हापासून बोटीत लाइव्हवेल, म्हणजे जिवंत माशांची टाकी, आली आणि ती आता या खेळाचा अविभाज्य भाग झाली आहे. (धरलेला मासा मोजून परत सोडायचाच असेल तर धरता कशाला, या रत्नागिरीच्या मामांच्या प्रश्नाला मी पंधरा वर्षांत समाधानकारक उत्तर देऊ शकलेलो नाही.) तेव्हा दोष शोधायचा तो या टाकीत, आणि विशेषतः सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत.

उन्हाळ्यातच हे का घडते

आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तलावाच्या पृष्ठभागाचे तापमान 30 ते 32 अंश सेल्सिअस, म्हणजे 86 ते 90 फॅरनहाइट असते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना एका लिटरमध्ये सुमारे 9.1 मिलिग्रॅम, 30 अंशांना सुमारे 7.5. याच्या उलट, मासा थंड रक्ताचा असल्यामुळे पाणी दहा अंशांनी तापले की त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, त्यात गळाशी झुंजून दमलेले पाच मासे (एका स्पर्धकाची मर्यादा तेवढीच) एका बंद टाकीत कोंडले जातात. बॅसला स्वस्थ राहण्यासाठी लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असे धरून चालावे. एप्रिलमध्ये ज्या चुका माशाला सहज पचतात, त्याच जुलैमध्ये जीवघेण्या ठरतात, कारण मुळात हाताशी असलेली शिल्लकच अडीच मिलिग्रॅमची असते.

त्यात टाकीचा पंप पाणी घेतो ते पृष्ठभागाचे, म्हणजे संपूर्ण तलावातले सर्वांत गरम पाणी. मासा मात्र बहुतेकदा खालच्या, थोड्या थंड थरातून वर काढलेला असतो. सतत ताजे पाणी घेत राहणे हा सकाळी सहाचा उत्तम उपाय दुपारी बाराला अपाय ठरतो, ही गोष्ट आमच्यातल्या जुन्या मंडळींना पटायला दोन हंगाम लागले.

माशाकडे पाहून दोष ओळखणे

टाकीचे झाकण दर अर्ध्या तासाने उघडून पाहावे. मासे तळाशी सरळ उभे, शांत, कल्ले संथपणे हलत असतील तर सारे ठीक आहे. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडे उघडझाप करत असतील आणि कल्ले भराभर हलत असतील, तर प्राणवायू कमी पडला आहे, आणि त्या क्षणी बाकी सगळे सोडून पंपाकडे वळावे. मासा एका कुशीवर किंवा पोट वर करून तरंगतो आहे, पण हात लावताच जोराने झटका देतो, असे असेल तर प्राणवायूपेक्षा वाताशय, म्हणजे माशाला पाण्यात तोलून धरणारी पोटातली हवेची पिशवी, फुगल्याची शक्यता अधिक. पाण्यावर तपकिरी फेस आणि उग्र वास म्हणजे माशांनी खाल्लेले शॅड नावाचे छोटे मासे ओकले आहेत व पाणी घाण झाले आहे. परांच्या बुडाशी आणि पोटावर लालसर डाग दिसले, तर मासे दाटीत एकमेकांवर व टाकीच्या भिंतींवर आपटले आहेत किंवा फार ताणाखाली आहेत.

बाजारात सुरमई घेताना कल्ला उचलून आतला लाल रंग पाहण्याची आपली सवय येथे मात्र आवरावी. जिवंत माशाच्या कल्ल्याला बोट लावणे म्हणजे त्याच्या फुप्फुसात हात घालण्यासारखे आहे.

माझ्या बोटीतला दोष

दुसऱ्यांच्या टाक्या तपासण्याआधी मी स्वतःची तपासली, आणि दोष तिथेच सापडला. बहुतेक बॅस बोटींत पंपाला दोन प्रकारे चालवता येते: सतत, किंवा टायमरवर, म्हणजे थोडा वेळ चालू आणि मग काही मिनिटे बंद. बॅटरी वाचावी म्हणून माझा स्विच कायम टायमरवर असे, एक मिनिट चालू आणि चार मिनिटे बंद. एका शनिवारी मी प्राणवायू मोजण्याचे यंत्र उसने आणले आणि टाकीत चार मासे असताना त्याची कांडी पाण्यात धरून बसलो. सुरुवातीला आकडा 6.8 होता. पंप बंद झाला की तो डोळ्यांदेखत उतरे, पंप सुरू झाला की थोडा चढे, पण उतरला होता तितका चढत नसे. वीस मिनिटांत आकडा 3.1 वर आला. मासे अजून उलटे झाले नव्हते, पण वर येऊन तोंडे उघडू लागले होते. वर्षानुवर्षे मी हे झाकणाखाली दडवून ठेवले होते.

म्हणून पहिली दुरुस्ती फुकटची आहे: पहिला मासा टाकीत पडल्यापासून पंप सतत चालू ठेवावा, टायमर वापरूच नये. त्यासाठी बॅटरी सुस्थितीत हवी. 12 व्होल्टच्या पंपाला दुपारपर्यंत विजेचा दाब कमी पडू लागला की तो फिरताना ऐकू येतो, पण पाण्याची धार बारीक झालेली असते. ऐकून समाधान मानू नये, धार पाहावी. धार बारीक असेल आणि बॅटरी ठीक असेल, तर पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काढून बघावी. सॅम रेबर्न आणि टोलेडो बेंड या आमच्याकडच्या दोन्ही मोठ्या तलावांत हायड्रिला नावाची पाणवनस्पती अमाप आहे, आणि तिचे दोन तंतूसुद्धा पंपाचे पाते अडवायला पुरतात.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट सुटू नये. बोट वेगात धावू लागली की तिचा पुढचा भाग उचलला जातो आणि बाहेरून पाणी घेणारा पंप बहुतेक वेळा हवाच ओढतो. त्यामुळे लांबच्या धावेत पाणी टाकीतल्या टाकीत फिरवणारा दुसरा पंप चालू असलाच पाहिजे. चाळीस मिनिटांच्या त्या धावेत मासे केवळ आपटतच नव्हते तर गुदमरतही होते, हे आमच्या एका सभासदाला तीन वर्षांनी कळले. हाच प्रकार बोट ट्रेलरवर चढवून वजनकाट्यापर्यंत नेताना होतो: निचऱ्याचे तोंड उघडे राहिले तर टाकी रस्त्यावरच रिकामी होते.

बर्फ, मीठ आणि पाणी बदलणे

सकाळी पाणी 24-25 अंशांच्या खाली असेल तोवर बाहेरचे ताजे पाणी येऊ द्यावे. त्यापुढे टाकी बंद करून तेच पाणी फिरवावे आणि थंड ठेवावे. किती थंड? तलावापेक्षा तीन-चार अंशांनीच कमी. जास्त गार केलेल्या टाकीतून 32 अंशांच्या तलावात सोडलेला मासा दुसराच धक्का खातो.

बर्फाचा हिशेब अंदाजाने करू नये, कारण येथे सगळे जण एकतर एक मूठ टाकतात किंवा अख्खी पेटी. 100 लिटर पाणी 31 वरून 28 अंशांवर आणायला सुमारे पावणेतीन किलो बर्फ वितळावा लागतो. म्हणजे दोन लिटरच्या बाटल्या भरून गोठवल्या, तर दीड बाटली केवळ पहिल्या घसरणीसाठी, आणि उन्हामुळे व पंपाच्या उष्णतेमुळे पाणी पुन्हा तापते म्हणून पुढे दर तासाला साधारण एक बाटली. बाटल्याच वापराव्यात, सुटा बर्फ टाकू नये. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, ते बर्फातही राहते, आणि कल्ल्यांना ते जाळते. बंद बाटलीतला बर्फ हळूहळू वितळतो, हा आणखी एक फायदा. दहा डॉलरचा तरंगता थर्मामीटर टाकीत ठेवल्याशिवाय या हिशेबाला काही अर्थ नाही.

बंद टाकीचा तोटा असा की माशांचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड आतच साठत राहतात. प्राणवायूचा आकडा चांगला असतानाही मासे सुस्त दिसले तर बहुधा हेच कारण असते. यासाठी दर दोन-तीन तासांनी निम्मे पाणी बदलावे आणि लगेच पुन्हा बाटली टाकावी. झाकणाला हवा खेळण्यासाठी झडप असेल तर ती उघडी ठेवावी. नसेल तर बोट थांबलेली असताना झाकण अधूनमधून वर उचलावे.

मिठाविषयी क्लबात बरीच चर्चा झाली. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी अधिक असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असते आणि क्षार बाहेर झिरपत असतात. निरोगी मासा हा समतोल श्रम करून राखतो, पण दमलेल्या आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेलेल्या माशाला ते झेपत नाही. पाण्यात लिटरला 3 ते 5 ग्रॅम साधे, आयोडीन नसलेले मीठ घातले की हा भार हलका होतो. 100 लिटरच्या टाकीला अर्धा किलोपेक्षा अधिक लागत नाही, आणि निम्मे पाणी बदलले की निम्मे मीठ पुन्हा घालावे, हे बहुतेक जण विसरतात. माझे मत असे की मीठ हा शेवटचा उपाय आहे. पंप आणि तापमान सुधारल्याशिवाय केवळ मिठावर विसंबणाऱ्यांचे मासे मी मरताना पाहिले आहेत. बाजारात मिळणाऱ्या रंगीत द्रवांविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की त्यांच्या निळ्या रंगामुळे मासे दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या माशाची लक्षणे ओळखता येत नाहीत.

टाकी पुरेशी मोठी आहे का, हेही पाहावे. एक गॅलन म्हणजे 3.8 लिटर पाण्याला एक पौंड मासे, हा ढोबळ नियम आहे. पाच माशांचे वजन 18 पौंड झाले, तर जेमतेम 70 लिटर लागतात. दिवस चांगला गेला आणि मोठे मासे मिळाले की टाकी अपुरी पडते, म्हणजे जिंकणाऱ्याचेच मासे सर्वांत आधी अडचणीत येतात.

खोल पाण्यातले मासे

उन्हाळ्यात बॅस खोल जातात, आणि आठ-नऊ मीटरपेक्षा खोलातून झटक्यात वर काढलेल्या बॅसचे वाताशय फुगते. रोहू किंवा कटला यांच्या वाताशयाला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते, म्हणून ते हवा तोंडावाटे सोडू शकतात. बॅसला अशी नळी नाही. असा मासा कुशीवर पडून तरंगतो, सरळ राहण्यासाठी सारखा झटतो आणि दमून मरतो. इंजेक्शनच्या सुईने हवा काढण्याची पद्धत प्रचलित आहे, पण ती अनुभवी माणसासमोर बसून शिकल्याशिवाय करू नये, कारण चुकलेली सुई यकृतात किंवा मूत्रपिंडात जाते. ज्यांना ती येत नाही त्यांनी पोटाखालच्या परांना चिमट्याने लावायची छोटी वजने वापरावीत. मासा सरळ उभा राहतो आणि त्याचे झटणे थांबते. आमच्या क्लबात आता सुई फक्त दोघांच्या हाती असते.

वजनकाट्यावर हरवलेली मिनिटे

स्वतःच्या बोटीतला दोष दुरुस्त केल्यावरही सोमवारचे मासे पूर्णपणे थांबले नाहीत. उरलेला दोष माझ्याच टेबलासमोर होता. टाकीतून काढलेले पाच मासे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्पर्धक रांगेत उभे राहत, आणि ती रांग पंधरा मिनिटांची असे. पिशवीत सात-आठ लिटर पाणी, त्यात पंप नाही, वरून ऊन. टाकीत दिवसभर जपलेला मासा या पंधरा मिनिटांत सगळे गमावून बसे. पिशवीतली वेळ दोन मिनिटांच्या पुढे जाऊ नये. म्हणून आम्ही पिशव्याच मोजून ठेवल्या: एका वेळी सहाच पिशव्या बाहेर, रिकामी पिशवी परत आल्याशिवाय पुढच्याला दिली जात नाही, आणि तोवर त्याचे मासे त्याच्या बोटीतच, पंप चालू. रांगेच्या जागी सावलीत दोन मोठ्या टाक्या ठेवल्या असून त्यांत प्राणवायूच्या नळकांड्यातून बारीक बुडबुडे सोडले जातात, आणि पिशव्या त्यात बुडवून उभे राहण्याची सक्ती आहे. पिशवीत पाणीही स्वतःच्या लाइव्हवेलचेच घ्यावे, नळाचे कधीही नाही.

फोटोसाठी मासे हवेत धरून ठेवण्याचा मोह हा वेगळाच विषय आहे. माझ्या टेबलापाशी आता फोटो फक्त विजेत्याचा, तोही दोन माशांचाच, आणि हात ओले असतील तरच. कोरड्या हाताने, कोरड्या टॉवेलने किंवा गाठी मारलेल्या जाड दोऱ्याच्या जाळीने धरलेल्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि संसर्गाला वाट तिथूनच मिळते. रबरी जाळी महाग नाही.

संसर्गावरून आठवले: लार्जमाउथ बॅस विषाणूमुळे झालेली पहिली मोठी नोंदलेली मासेहानी 1995 मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या सँटी-कूपर जलाशयात झाली. पुष्कळ मासे हा विषाणू अंगात बाळगूनही धडधाकट असतात, पण कडक उन्हाळा आणि ताण एकत्र आले की तो उफाळतो. माणसाला त्याचा त्रास नाही आणि माशाला त्यावर औषध नाही, त्यामुळे ताण कमी करणे एवढेच आपल्या हातात उरते.

नियमच बदलावा लागतो तेव्हा

इतके करूनही काही शनिवार असे येतात की पाणीच साथ देत नाही. पहाटे रॅम्पशेजारी पृष्ठभागाचे तापमान 31 अंशांच्या वर असेल तर आमच्याकडे त्या दिवसाची स्पर्धा आपोआप बदलते: माशांची मर्यादा पाचवरून तीनवर येते, आणि वजन दुपारी तीनऐवजी अकराला होते. 32 च्या वर गेले की वजनच होत नाही. मासा मोजपट्टीवर ठेवून, त्या दिवसाचा क्रमांक लिहिलेल्या कार्डासह फोनवर फोटो काढायचा आणि जिथे धरला तिथेच सोडायचा. कायाकवाल्यांच्या स्पर्धा अशाच चालतात आणि त्यांच्या निकालांवर कोणी हरकत घेतल्याचे मी ऐकलेले नाही. रात्रीच्या स्पर्धा हाही दक्षिणेत रूढ असलेला मार्ग आहे, मात्र मध्यरात्रीही पाणी दोन-तीन अंशांनीच उतरते, त्यामुळे पंप आणि बाटल्यांची सुटका त्यातही होत नाही.

मासे सोडण्याची जागाही आम्ही बदलली. रॅम्पच्या उथळ, तापलेल्या, बोटींनी ढवळलेल्या पाण्यात साठ-सत्तर मासे एकदम ओतण्याऐवजी एका सपाट बोटीवर दोन टाक्या ठेवून ते तलावाच्या मोकळ्या भागात नेले जातात, आणि पाच-पाच करून वेगवेगळ्या ठिकाणी सोडले जातात. बोट चालवणारा प्रत्येक ठिकाणी तापमान लिहून ठेवतो. सोमवारी संध्याकाळी रॅम्पवर जाऊन काठाची फेरी मारण्याचे काम माझ्याकडेच आहे; मागच्या जुलैत त्या फेरीत एक मासा सापडला, आणि त्याच्या जबड्यात सभासदाचा, टाकीतला कोणता मासा कोणता हे ओळखण्यासाठी टोचून लावायचा जुना क्रमांक-बिल्ला अजून अडकलेला होता. त्याच आठवड्यात आम्ही टोचणारे बिल्ले बंद करून चिमट्याचे आणले.